ढिल्या पट्ट्याचा ऑर्गन

आर्डेलिया टार्व्हर आठवडाभर शाळेची बस चालवायची आणि रविवारी शिकागोच्या पश्चिम भागातल्या एका लहानशा चर्चमध्ये पियानो वाजवायची. चर्चच्या जागी पूर्वी बुटांचं दुकान होतं. पियानो तिचा आणि ऑर्गन तिच्या मोठ्या भावाचा, लेव्हॉनचा. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी कधी बदललंही नाही.

लेव्हॉन गेला. त्याच हिवाळ्यात छतातला पाइप फुटला आणि त्याचा लाकडी ऑर्गनही भिजून मेला. तेव्हापासून त्यांची आई गप्प झाली. पहिल्या बाकावर पांढऱ्या पोशाखात बसणारी मदर टार्व्हर म्हणजे पास्टरांच्या प्रवचनात प्रत्येक वाक्याला "बोला, पास्टर!" अशी मोठ्यानं साद देणारी बाई. ती आता टोपी सरळ करून भिंतीकडे बघत बसे. घरीही तेच. एक मूल गेलं हे खरं, पण दुसरं शिल्लक आहे हे आई विसरूनच गेली होती. आर्डेलियाला आपली आई परत हवी होती. एवढंच.

चर्चनं कीबोर्ड आणि लॅपटॉप घेतला, आणि ऑर्गन वाजवणं आर्डेलियाकडे आलं. लॅपटॉपमधला ऑर्गन ऐकून तिनं तोंड वाकडं केलं. फार स्वच्छ! जुन्या ऑर्गनच्या पोटात लोखंडी चाकं फिरायची, एका सुरात शेजारचे सूर झिरपायचे, पट्टी दाबली की खट्ट व्हायचं. गंमत म्हणजे या नव्या यंत्रात त्या प्रत्येक दोषासाठी एकेक बटण होतं. शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये बसून ती एकेक दोष वाढवत गेली.

पास्टर गॅदर्स डोकावले. "अहो सिस्टर, नवं यंत्र नीट वाजावं म्हणून आणलं, आणि तुम्ही ते बिघडवत बसलात?"

"बिघडवत नाही, पास्टर. लेव्हॉनच्या वळणाला आणतेय."

"तो तर माझ्यासुद्धा वळणाला आला नाही कधी!" पास्टर हसत निघून गेले.

शेवटी उरला तो फिरता भोंगा, ऑर्गनचा आवाज गरगर घुमवत बाहेर फेकणारा. लेव्हॉनच्या भोंग्याचा पट्टा ढिला होता. बटण दाबल्यावर भोंग्याला वेग यायला फार वेळ लागे, म्हणून पास्टरांचा आवाज चढण्याआधीच तो बटण दाबायचा. लोक म्हणायचे, पवित्र आत्मा आधी लेव्हॉनला सांगतो, मग पास्टरांना. आर्डेलियानं तो आळस लॅपटॉपमध्ये मोजूनमापून भरला आणि एक सूर धरला. भोंगा रेंगाळत, कण्हत वेगात आला. तिनं मागे वळून पाहिलं. बाकं रिकामीच होती.

रविवारी पास्टर अगदी हळू बोलत होते, आजारी माणसांची नावं घेत होते. आवाज चढायची वेळ मुळीच नव्हती. आणि आर्डेलियाच्या बोटानं बटण दाबलं. तिनं ठरवलं नव्हतं. पुढे ती शपथेवर हेच सांगायची. भोंगा वेग घेऊ लागला आणि त्याच्यामागोमाग, ओढ्यात पाय घसरावा तसा, पास्टरांचा आवाज वर चढला. तेव्हा तिला कळलं. लेव्हॉनला आधी काही कळत नव्हतं. तोच सगळ्यांना ओढून न्यायचा, इतकी वर्षं, आणि मेल्यावरही नेत होता. तिला भीती वाटली, पण हात थांबेनात.

"बोल रे, लेका!" पहिल्या बाकावरून हाक आली. आईचीच ती!

सगळं चर्च उभं राहिलं. मदर टार्व्हर बाकांना धरत धरत पुढे आली. तिनं आर्डेलियाच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले. किती महिन्यांनी आईचा हात लागला होता! आर्डेलियाला रडू फुटलं.

"लेव्हॉन," आई म्हणाली, "आलास रे बाबा."

"आई, मी आहे. आर्डेलिया."

हात तिथेच राहिला. डोळे उघडले नाहीत.

"ठाऊक आहे गं मला," आई हळूच म्हणाली. "तू जरा गप्प बस."

आर्डेलिया गप्प बसली आणि वाजवत राहिली.