मालकाचा रकाना

पाचपावलीच्या कोष्ट्यांच्या त्या गल्लीत रुख्माबाईला रुख्माबाई म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं. सगळे तिला काहूनबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं. सवयच तशी, प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची. सूर्य उगवला तरी काहून, नाही उगवला तरी काहून. पोस्टमन पत्र दुसऱ्याच्या घरी टाकून चालला, तर त्याची सायकल धरून, "त्याच्याच घरी काहून?" तिच्या लग्नात भटजीनं सातव्या फेऱ्याला थांबा म्हटलं, तर हिनं पदराआडून आठवा काहून नाही म्हणून विचारलं, असं लोक सांगतात. खरं-खोटं भटजीच जाणे, आणि तो ती गल्ली सोडून गेला.

नवरा गेल्यावर खड्डामागावर तीच बसू लागली. वय पन्नाशीचं, पाय खड्ड्यात, हात ताण्यातून इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी धोट्यावर. नऊवारी लुगडं विणणारी बाई तिथे नवलाची नव्हती, पण पांजण एकटीनं करणारी नवलाचीच. सकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणायचं, त्याला भाताची खळ लावायची, कुंच्यानं फिरवत वाळवायचं. तेवढ्या वेळात एखादी बकरी जरी मधून गेली, तर आठवड्याची मेहनत तिच्या शिंगात.

आणि बकऱ्या गल्लीतल्याच नत्थूजींच्या. सहा. शिवाय एक बोकड.

त्या बकऱ्यांना अडवायचं काम एका पिवळ्या कुत्र्यानं आपणहून पत्करलं होतं. ताणलेल्या सुताच्या कडेकडेनं इकडून तिकडे, तिकडून इकडे पळायचं, म्हणून नाव पडलं धोटा. पोट कांताबाईकडच्या भाकरीवर, सखूबाईकडच्या वरणावर आणि बाकीच्या चार घरच्या उष्ट्यावर भरायचं. खळीचं भांडं मात्र रुख्माबाईचंच चाटायचं. झोपायला तिचाच उंबरा. कोणाचा म्हणाल तर कोणाचा नाही, आणि हाकललं तर सातही घरांतून बाया बाहेर.

त्र्याहत्तर साली हिवाळ्यात वॉर्डात नवी गोष्ट घडली. कुत्र्यांसाठी नियम करायचे ठरले, आणि नियम करण्याआधी लोकांना विचारायचं ठरलं! आजवर लोकांना विचारलं गेलं ते फक्त नाव, गाव आणि मत कोणाला देणार एवढंच. "आपल्याले काहून विचारून राहिले वं?" रुख्माबाई दोन दिवस याच विचारात. "पहिले तं गाडी यायची, फास टाकायची, घेऊन जायची. आता इच्यारते म्हने."

"त्यायले उत्तर येत नसन," कांताबाई म्हणाली. कांताबाई शेजारीण, सातवी शिकलेली, म्हणून गल्लीचं वाचनालय.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातला कारकून आला. श्रीधर नाव, धरमपेठेतला, बोलणं पुस्तकातलं, पायात बूट. हातात मोठं रजिस्टर आणि त्यात रकाने: कुत्र्याचं नाव, रंग, मालकाचं नाव. रुख्माबाई मागावर बसली होती. धोटा उंबऱ्यावर.

"हे कुत्रं तुमच्याकडे असतं का, बाई?"

"असते ना."

"नाव?"

"धोटा."

"मालक?"

रुख्माबाईनं पदर सारखा केला. "मालक नाही ना, भाऊ."

"नाहीत?"

"नाही. आता पाच वर्षं झाले."

श्रीधर हळहळला. लिहिताना म्हणालाही, "पाच वर्षं? मग याचं बघतं कोण?"

"मीच पायतो सगळं. दुसरं कोन हाये?"

आता त्या पोराला कोण सांगणार की त्या गल्लीत मालक म्हणजे नवरा! बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत; मालक म्हणतात आणि मोकळ्या होतात. पुढच्या घरी सखूबाईनं तर कमालच केली. तिच्याकडे कुत्रं नोंदवायचंच नव्हतं, पण मालकाचं नाव विचारल्यावर तिनं लाजत उखाणा घेतला, आणि यादीत कुत्रा नसलेला एक मालक चढला.

आठ दिवसांनी शाळेच्या भिंतीवर यादी लागली. कांताबाई वाचून धावत आली.

"रुख्मे, धोटा बेवारस लिवला! 'मालक नाही, पाच वर्षांपासून.' ज्यायले मालक नाही त्यायले गाडी सोमवारी नेनार हाये."

रुख्माबाईचा हात धोट्यावरच थांबला. लाकडाच्या. जिवंत धोटा बाहेर बकऱ्यांवर भुंकत होता. तिला आधी काही उमगेना, मग उमगलं, आणि कांताबाई सांगते की ती आधी हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी थांबेचना.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात नियमांबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायची सभा भरली. वॉर्डाचे मेंबर गुलाबचंद खुर्चीवर, बाजूला श्रीधर रजिस्टर घेऊन. कुत्र्यांबद्दल बोलायला एवढे लोक जमतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. नत्थूजी पहिले उठले.

"माह्यं एकच म्हननं हाये. गल्लीतले सारे कुत्रे न्या. माह्या बकरीचा पाय लंगडा झाला. तुमाले कुत्र्याची पडली, बकरीची कोनी पुसते का?"

"बकरी काहून मोकळी सोडता?" मागून आवाज आला. कोणाचा, हे सांगायची गरज नव्हती. व्हरांडाभर हसू पसरलं.

"आली काहूनबाई!" नत्थूजी म्हणाले. "तुह्या कुत्र्याले मालक नाही, यादीत लिवलं हाये. मंग बोलतं कायले?"

रुख्माबाई उभी राहिली. आजवर ती चार बायांत बोलली होती, पुरुषांच्या सभेत नाही. पदर दाताखाली धरला, मग सोडून दिला.

"मेंबरभाऊ, या पोरानं मले इचारलं, मालक कोन. मले वाटलं, माह्या घरच्यायचं इचारून राहिला. ते तं गेले पाच वर्षांपयले. मी खरंच सांगतलं."

श्रीधरचे कान लाल झाले. गुलाबचंदांनी खोकला काढला. बाया तोंडावर पदर घेऊन लोटपोट.

"ठीक आहे, आता सांगा," श्रीधर घाईनं म्हणाला. "मालक म्हणून तुमचं नाव लिहितो."

"नोको लिवू."

कांताबाईनं तिला चिमटा काढला.

"मी त्याची मालकीन नोहो. त्याले विकत आनला नाही, बांधला नाही. सात घरचं खाते. तुमाले मालकच काहून पायजे? मालक तं गेला तरी मानूस ऱ्हायते ना, कोनी तं सांभाळते ना. तसं इचारा. सांभाळते कोन?"

गुलाबचंद खुर्चीत पुढे सरकले. "अन् एका कुत्र्याले सात जन सांभाळत असले तं?"

"तं सात नावं लिवा. कागद लहान हाये का?"

"कोणाला चावला तर?" श्रीधरनं विचारलं. "सात जणांतल्या कोणाला विचारायचं? पिसाळू नये म्हणून इंजेक्शन द्यायच्या दिवशी धरणार कोण?"

आता मात्र सात घरांतल्या सहांना एकदम काहीतरी आठवू लागलं. कोणाला दूध तापवायला ठेवल्याचं, कोणाला पोरगा रडत असल्याचं. सखूबाई तर उठलीच.

"बस वं!" रुख्माबाईनं तिला लुगड्याच्या काठाला धरून खाली बसवलं. "वरन देताना उठली नाही, आता काहून उठतं? पहिलं नाव माह्यं लिवा. चावला तं मले इचारा. धराले सातही घरं यावं लागन, हेही लिवा. अन् पांजण ताणली असन तेवढा येळ बकऱ्या बांधून ठेवा. नत्थूजी, तुमच्या बकरीचा पायही वाचन."

नत्थूजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बोकडही का?"

"बोकड पयले."

एवढं झालं आणि सभा हसतच मोडली. रजिस्टरात 'मालक' खोडून श्रीधरनं वर 'सांभाळणारे' लिहिलं आणि खाली सात नावं चढवली. रकाना पुरला नाही; दोन नावं समासात गेली. सोमवारी गाडी आली, यादी पाहून पुढे गेली. मंगळवारी इंजेक्शनला सात घरं जमली खरी, पण धोट्याला धरलं तिघांनी आणि सल्ला दिला अकरा जणांनी. नोंदणीचा बिल्ला त्याच दिवशी त्याच्या गळ्यात पडला.

उन्हाळ्यात छापील नियम आले. कांताबाईनं ओट्यावर बसून वाचले. चौथ्या कलमाशी तिची जीभ अडखळली: "सदर श्वानाचे पालनपोषण एकाहून अधिक कुटुंबे करीत असल्यास त्या सर्वांची नोंद घेण्यात यावी, व प्रथम नोंद असलेली व्यक्ती उत्तरदायी समजण्यात यावी."

रुख्माबाई रहाटावर सुताच्या कांड्या भरत होती. रहाट थांबवून तिनं सगळं नीट ऐकलं, पुन्हा वाचायला लावलं, आणि मान डोलावली.

"कोन बोललं वं हे? शिकलेला मानूस दिसते. बरोबर बोलला."