मडक्यातली ओली माती

भूत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टिंगल केली. ड्रॉइंग मास्तर होतो. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायचो. तरी हे लिहितोय, कारण आता नोकरी जायची भीती उरलेली नाही.

निजामाचं राज्य होतं. पिंगळी स्टेशनापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात शाळेच्या नव्या इमारतीचा पाया खणताना जुनी रंगीत खापरं निघाली. बांधकाम थांबलं आणि उत्खननासाठी हैदराबादहून एक साहेब आले. भला माणूस, पण मराठीचा गंध नाही. मी उर्दूत शिकलेला, नोकरी अजून कच्ची — दुभाष्याचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

चौथ्या दिवशी दोन मडकी निघाली. आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आत तान्ह्या मुलाची हाडं. माणसाला लोखंड माहीत नव्हतं तेव्हाची, असं साहेब म्हणाले.

पाट्या वाहणारी सखूबाई खड्ड्याच्या काठावर मटकन बसली. तिचं तान्हं त्याच वर्षी गेलं होतं. आमच्याकडे तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात आणि त्या जागेवर दूध शिंपडतात.

"मास्तर, सायबाला सांगा की वो. लेकरू हाय ते, उचलू नका म्हनावं. न्हाईच जमलं तर जरासं दूध तरी घालू द्या. उपाशी धाडू नका त्याला."

"क्या कह रही है?" साहेबांनी विचारलं.

हे सांगितलं तर मास्तरही अडाणीच, असं त्यांना वाटेल... आणि माझी शिफारस त्यांच्या हातात!

"कुछ नहीं साहब. हड्डियों से डर रही है."

साहेब हळहळले. तिला घरी पाठवलं. ती तशीच माहेरी निघून गेली.

मडकी मीच गवतात बांधून पेटीत ठेवली. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. सकाळी पेटी उघडली तर मडक्यातली माती ओली! ऐन उन्हाळा, गवत कोरडं, लाकूड कोरडं. बोट लावून वास घेतला — आंबलेल्या दुधाचा. उन्हात वाळवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पेटी हैदराबादला गेली. महिन्याभरात साहेबांचं पत्र आलं. माती अजून वाळत नव्हती. 'ती बाई त्या दिवशी नक्की काय म्हणाली? तिची काही रीत असेल तर मी स्वतः येऊन मडकी परत पुरतो.'

त्याच आठवड्यात माझ्या कायम नेमणुकीचा हुकूम आला होता, त्यांच्याच शिफारशीनं. पत्र मी चुलीत घातलं. नीच माणूस होतो मी, दुसरा शब्द नाही.

पुढं शाळेचं बांधकाम पुन्हा सुरू झालं, तशी सखूबाई कामावर परतली. आल्या आल्या विचारलं, "दूध घातलं का वो लेकराला?"

"घातलं."

"लय उपकार झाले, मास्तर," म्हणत ती माझ्या पाया पडली. मी पाय मागेसुद्धा घेतले नाहीत.

माती कशानं ओली राहायची, हे मला आजही सांगता येत नाही. पुढं त्या मडक्यांचं काय झालं, हे साहेबांना विचारता आलं असतं... पण त्यांना मी पुन्हा कधी तोंड दाखवलं नाही.