सोसिनोसचं दुसरं बारसं

तुम्ही जिवंत आहात कशावरून? श्वास चालतो, भूक लागते, असलं काही मला सांगू नका. सोसिनोसचाही श्वास चालत होता.

सोसिनोस आमच्या एजिना बेटावरचा पाणबुड्या. समुद्राच्या तळाशी जाऊन स्पंज कापून आणायचा. वादळात त्याची होडी फुटली. आम्ही तीन महिने वाट बघितली. मग किनाऱ्यावरून त्याच्या नावानं तीन हाका मारल्या, त्याची टोपी पुरली, त्याच्या बायकोनं, मेलित्तानं, केस कापले. झालं. माणूस पाताळाच्या राजाच्या, हेडीसच्या हवाली.

पाचव्या महिन्यात हा लंगडत बंदरावर उतरला. मोडका पाय घेऊन कुठल्याशा बेटावर पडून होता. येत्या पौर्णिमेला त्याच्या लेकीचं, मिकाचं, लग्न. बापानं तिचा हात जावयाच्या हातात द्यायचा असतो. तेवढ्यासाठी गडी धडपडत आला होता.

मेलित्ता दारात रडली, हसली आणि तिनं कडी लावून घेतली.

"अहो, बाहेरच थांबा. मेलेलं माणूस घरात आलं तर लग्न बाटेल."

"मेलित्ते, मी मेलोय का?"

"मला दिसतंय हो. पण पुजारीबुवांना विचारायला नको?"

मी त्याला देवळाशी घेऊन गेलो. पुजारी प्राक्सिआस देवळाच्या उंबऱ्याआडूनच बोलला. "तुम्हाला आम्ही खाली पाठवलंय."

"मी गेलोच नाही!"

"तुम्ही गेला नसाल. आम्ही पाठवलंय. हेडीसला दिलेलं वरच्या देवांना चालत नाही."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "माल पोचला नाही, तर तो हेडीस तक्रार का करत नाही हो?"

"तो कोणाशीच बोलत नाही," पुजारी म्हणाला.

तीन दिवस सोसिनोस स्वतःच्या थडग्यापाशी बसून होता. मेलित्ता रोज मृताच्या नावानं मधाची पोळी ठेवून जायची, हा खायचा. जिवंतपणी इतकं वेळेवर कधी वाढलं नव्हतं, म्हणाला.

उपाय शेवटी मीच हुडकला. डेल्फीच्या दैववाणीचा जुना निवाडा आहे: अशा माणसानं पुन्हा जन्म घ्यावा. बायकांनी त्याला न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं, अंगावर पाजायचं.

शेजारच्या फिलिन्नाचं मूल तान्हं होतं. ती म्हणाली, "एक थेंब. आणि चावलास तर थोबाड फोडीन."

पाचव्या दिवशी बाळाला चुलीभोवती फिरवतात. आम्ही चौघांनी फिरवलं. एकाची कंबर धरली. दहाव्या दिवशी बारसं. सोसिनोसच्या म्हाताऱ्या आईला नाव विचारलं. तिनं बराच वेळ विचार केला. "सोसिनोसच ठेवा. दुसरं माझ्या लक्षात राहायचं नाही."

देऊळ उघडलं. सोसिनोसनं वेदीला हात लावला आणि म्हणाला, "बुवा, आता मिकाचा हात मी देतो."

"वय?"

"एक्केचाळीस."

"दहा दिवस," प्राक्सिआस म्हणाला. "तान्ह्या मुलाला लेकीचा हात देता येत नाही."

मी घसा बसेपर्यंत भांडलो. माझ्या ओरडण्यानं देवळावरची कबुतरं उडाली, पुजारी काही हलला नाही.

हात काकानं दिला. सोसिनोसला बायकांच्या बाकावर, तान्ह्या पोरांच्या रांगेत बसवलं. लेक निघाली तेव्हा तो मोठ्यानं रडला. कुणी वळूनही बघितलं नाही; तान्ही पोरं रडायचीच.

म्हणून हात जोडून सांगतो, आणि मी सहसा कुणापुढे हात जोडत नाही: तुमच्या गावात असं कुणी परत आलं, तर आधी त्याला लेकीशेजारी उभं करा. पुजाऱ्याला लग्न झाल्यावर कळवा.