ऊद मेथाच्या नाकमावशी

लिफ्टचं दार उघडलं तरी मावशी लगेच आत शिरत नसत. उंबऱ्याशी थांबून एक श्वास घ्यायच्या आणि मगच पाऊल टाकायच्या. "चौथ्यावर आज बांगडा आहे. आणि सहाव्यावर कुणीतरी कुकर लावून झोपलंय." दुसरं कुणी असतं तर एवढं बोलून घरी गेलं असतं. मावशी सहाव्या मजल्यावर उतरल्या, तीन दारांना नाक लावून आल्या आणि तिसऱ्या दाराची बेल वाजवत राहिल्या. आत रात्रपाळी करून आलेली एक नर्स गाढ झोपली होती. कुकरात पाण्याचा थेंब उरला नव्हता. "दाल गयी तो गयी, तू है ना? खलास," असं तिला म्हणून त्या खाली आल्या आणि आपल्या घरचं वरण डब्यात घालून पुन्हा वर तिला देऊन आल्या.

त्यांना नाकमावशी हे नाव माझ्या मुलीनं, इरानं दिलं. आम्ही तेव्हा आखातात, ऊद मेथा या वस्तीत नवीन होतो आणि मावशी आमच्या खालच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. नाव ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी मात्र खूश. "बावीस वर्षं या नाकाचा पगार खातेय, नाव त्याचंच लागायला हवं," म्हणाल्या. ते खरंच होतं. रास अल खोरमधल्या एका कंपनीत सरबतांचे आणि बिस्किटांचे स्वाद बनायचे, तिथल्या लॅबमध्ये त्या होत्या. दापोलीची मुलगी, रसायनशास्त्र शिकलेली, लग्न करून इथे आली आणि बाटल्या हुंगत राहिली. "मार्केटिंगवाले येतात आणि म्हणतात, मॅडम, मँगो फ्लेवर चाहिये. मी विचारते, झाडावर पिकलेला की अढीतला? त्यांना वाटतं मी चेष्टा करते."

या मावशी दारू पीत नसत. एका घोटानं त्यांचं डोकं दुखायचं. तरीही दरवर्षी एप्रिलच्या सुमारास त्या सहाजणांना घेऊन जॉर्जियातल्या एका खेड्यात, वाइनच्या जुन्या तळघरात जायच्या. याला कारण तामुना. ही जॉर्जियन मुलगी आमच्या गल्लीतल्या दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. एकदा घरून आलेला खाऊ तिनं मावशींच्या हातावर ठेवला. दोऱ्यात ओवलेले अक्रोड, वरून द्राक्षाच्या आटवलेल्या रसाचं जाड वेष्टण. मावशींनी तो आधी नाकाशी नेला. "हा रस तांब्याच्या कढईत आटवलाय. आणि ढवळताना एकदा खाली लागला." तामुना बघतच राहिली. रस तिच्या होणाऱ्या सासरी आटवला होता, कढई तांब्याची होती, आणि तो लागल्याबद्दल सासऱ्यांनी सगळ्यांना झापलंही होतं. पुढे लग्न करून ती परत गेली तेव्हा मावशींना आमंत्रण देऊनच गेली.

सहा म्हणजे सहाच. सातव्यानं कितीही गळ घातली तरी मावशी ऐकत नसत. "माझ्याबरोबर सहाजण आले तर ते पाहुणे. सात झाले की टुरिस्ट." आमची पाळी आली त्या वर्षी मी, माझा नवरा मंदार, शाळेतल्या दोन शिक्षिका आणि ऊद मेथातलंच एक जोडपं असे होतो. त्या जोडप्यानं घरी पुण्याला फोनवर 'द्राक्षांच्या बागा बघायला जातोय' असं सांगितलं होतं. अगदी खोटं नव्हतं. शारजाहून साडेतीन तासांचं विमान, पुढे दोन तास गाडी, आणि मग काखेती भागात, डोंगराच्या पायथ्याशी दगडी घर. तळघर आठ पिढ्यांचं. आत बल्बचा पिवळा उजेड, एप्रिलमध्येही अंगावर काटा येईल असा गारवा, आणि जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे प्रचंड रांजण. वर फक्त तोंडं दिसतात, दगडी झाकणं घातलेली. द्राक्षं सालीबियांसकट त्यात घालतात, तोंड मातीनं लिंपतात आणि वसंतात उघडतात.

तामुनाचे सासरे ऐंशीच्या घरातले होते. तिथे आजोबांना बाबुआ म्हणतात; आमच्या सगळ्यांच्या तोंडी ते लगेच बसलं. रांजण फक्त बाबुआ उघडायचे. लांब दांड्याच्या पळीनं वाइन काढायची, डोळे मिटून वास घ्यायचा, मग हसून पाहुण्यांच्या पेल्यांत ओतायची, आणि हाताची घडी घालून समोर उभं राहायचं. पहिले दोन रांजण झाले. आम्ही आपले 'वा, वा' करत होतो. मंदारला तर घोट घ्यायच्या आधीच 'वा' म्हणायची सवय. तिसरा रांजण सगळ्यांत मोठा. दोन दिवसांनी शहरातला एक मोठा खरेदीदार खास तो चाखायला येणार, असं तामुनानं सांगितलं. वर्षाची सगळी मदार त्याच्यावर होती. बाबुआंनी पळी भरली, वास घेतला, प्रसन्न हसले आणि ओतलं. आम्ही पुन्हा 'वा' म्हणालो.

मावशींनी पेला नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. त्यांच्या नाकाची कीर्ती बाबुआंना ठाऊक होती, त्यामुळे ते त्यांच्याकडेच बघत होते. तामुनाही. मी मावशींच्या शेजारी होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि तामुनाला म्हणाल्या, "बाबुआंना म्हणावं, मी लॅबमधली बाई, मला रांजणांतलं कळत नाही. मला जरा एकटीला शिकवतील का?" मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही वर जा. यल्ला, चला. जेवणाला हातभार लावा."

आम्ही अंगणात गेलो. अर्ध्या-पाऊण तासानं तिघं वर आली. बाबुआंची टोपी हातात होती आणि डोळे लाल झाले होते. तामुनाचेही. जेवायला बाबुआ यजमानाची खुर्ची सोडून मावशींच्या शेजारी येऊन बसले आणि भाकरीचा तुकडा मोडून आधी त्यांच्या ताटात ठेवला. "काय झालं हो?" मी गाडीत विचारलं. "काही नाही. रांजण कसे धुतात ते दाखवलं."

खरं काय ते परतीच्या विमानात कळलं, मंदार झोपल्यावर. तिसऱ्या रांजणाला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. बुरशीचा. जिभेला कळत नाही, नाकापासून मात्र लपत नाही. "इतका वास, आणि तो माणूस पळीत नाक घालून हसतो! मग मला सकाळचं आठवलं. भट्टीत भाकऱ्या करपत होत्या, धूर दिसायच्या आधी मला तिसऱ्या खोलीत वास आला. आणि बाबुआ भट्टीला टेकून गप्पा मारत उभे." विमानात पोट धरतं म्हणून मावशी पर्समध्ये हिंगाची डबी ठेवायच्या. सगळे वर गेल्यावर त्यांनी ती उघडून बाबुआंच्या नाकाखाली धरली. हिंग कधी न पाहिलेल्या माणसानं खरं तर दोन पावलं मागे सरायला हवं. "ते सरले नाहीत गं. त्यांनी श्वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले. कुठला चेहरा करायचा तेच त्यांना कळेना."

मग बाबुआ एका झाकणावर बसले. दोन हिवाळ्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून वास येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मुलाला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. आठ पिढ्यांत रांजणाची परीक्षा घरच्या वडीलधाऱ्यानंच केलेली, तोच नाकानं आंधळा झाला असं कसं सांगायचं? "तर म्हणे, मी पाहुण्यांना ओततो आणि त्यांचे चेहरे वाचतो. लोकांना आवडलं तर चांगलं असणार." मावशींनी खिडकीची झडप खाली ओढली. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही मेले सगळे वा, वा करता! म्हातारा त्याच्यावर चालतोय." त्या दिवसापासून आमच्या मंडळींत 'वा' बंद. आवडलं तर काय आवडलं ते सांगायचं, नाही तर गप्प बसायचं. आणि आणखी एक ताकीद मला मिळाली. "हे कुठे बोलायचं नाही. ही गोष्ट बाबुआंची आहे, ते सांगतील तेव्हा सांगतील."

खरेदीदाराला तिसरा रांजण दाखवलाच नाही. मुलाला वाटलं, बापाची लहर. ती वाइन भट्टीवर चढवून तिची कडक दारू केली आणि खरेदीदारानं पहिल्या दोन रांजणांवर समाधान मानलं. पण पुढच्या हंगामाचं काय? ते तळघरातच ठरलं होतं. जानेवारीत तामुना दोन आठवड्यांसाठी मावशींकडे राहायला आली. घरी सांगितलं, जुन्या मैत्रिणींना भेटायला जातेय.

ते दोन आठवडे आमच्या बिल्डिंगमध्ये शाळा भरली. सकाळी मावशी ऑफिसला जाण्याआधी वेगवेगळ्या वासांच्या वीस डब्या मांडायच्या. तामुनाच्या डोळ्यांना ओढणी बांधून इरा एकेक डबी पुढे करायची आणि मोठ्या ऐटीत म्हणायची, "नो पीकिंग, तामुना आंटी." शुक्रवारी-शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, तिघी मासळी बाजारात, मसाल्याच्या गल्लीत, अत्तराच्या दुकानांत. पहिल्या आठवड्यात तामुनाला धणे आणि बडीशेप यांतला फरकही सांगता येईना. एका सकाळी तिनं ओढणी सोडून टेबलावर ठेवली आणि रडायलाच लागली. मी दूध द्यायला गेले होते, दारातच थबकले. "बाबुआंना साठ वर्षं लागली, मला चौदा दिवसांत कसं येणार?"

मावशी समजूत घालत बसल्या नाहीत. ओलं गोणपाट त्यांनी चार दिवस बाल्कनीत मुद्दाम झाकून ठेवलं होतं. त्याचा तुकडा तिच्या हातात दिला. "नाव सांगू नकोस. हा वास पहिल्यांदा कुठे आला होता ते सांग." तामुनानं तुकडा नाकाशी धरून डोळे मिटले. मग म्हणाली, "माझ्या आजीकडे. ओढ्याचं पाणी कोठारात शिरलं होतं, मक्याची पोती भिजली. आजी पायरीवर बसून होती." मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता हा वास तू कधी विसरणार नाहीस. नाक शिकत नसतं बाई, नाक आठवतं." त्यानंतर तामुना रडली नाही. जाताना वीसपैकी अठरा डब्या तिला यायला लागल्या होत्या, आणि उरलेल्या दोन डब्यांवरून तिनं इराशी भांडण काढलं.

पुढच्या एप्रिलमध्ये मावशी शेवटचं जाणार होत्या. त्यांच्या यजमानांचं, काकांचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं, जुलैत दोघं कायमची परतणार होती. "काखेतीला एकदा जाऊन येऊ," म्हणत त्यांनी मला आणि मंदारला पुन्हा सहांत घेतलं. तळघरात बाबुआच रांजण उघडत होते, पळी त्यांच्याच हातात होती. तामुना शेजारी उभी. बाबुआ ओतायच्या आधी पळी तिच्याकडे करायचे, ती वास घ्यायची आणि नुसती मान हलवायची. एवढं सहज, की नवख्यांना कळलंही नाही. वाइनही सुंदर होती. काय सुंदर होतं ते आम्ही एकेकानं नीट सांगितलं. मंदार म्हणाला, वाळलेल्या जर्दाळूसारखी लागते, आणि तामुनाचा चेहरा उजळला.

जेवताना बाबुआ पेला घेऊन उठले. तिथे असं उठून बोलायची रीतच आहे. तामुना आम्हाला इंग्रजीत सांगत होती. "या घरात आधी माझ्या आजोबांचं नाक होतं. मग वडिलांचं. मग माझं. माझं नाक तीन हिवाळ्यांपूर्वी गेलं." तिच्या नवऱ्याचा चमचा हवेतच राहिला. बाबुआ मुलाकडे न बघता पुढे बोलले, पण तामुनानं इंग्रजी सांगायचं सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेवटी मुलानंच, बापाकडे बघत, मोडक्या इंग्रजीत ते वाक्य पुरं केलं. "आता या घराचं नाक माझी सून आहे." मग तो उठला आणि त्यानं बाबुआंना मिठी मारली. मावशींनी पदरानं डोळे पुसले आणि मला हळूच म्हणाल्या, "बरं झालं बाई. माझ्याच्यानं आता पोटात ठेववत नव्हतं."

जुलैच्या त्या उकाड्यात आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. घराच्या दारात आधी रडून झालं होतं, त्यामुळे तिथे दोघी शहाण्यासारख्या वागलो. इरानं मात्र त्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि विचारलं, "हू विल स्मेल अवर फ्लोअर नाऊ?" मावशी म्हणाल्या, "तू." यंदाच्या एप्रिलात सहाजणांना घेऊन तळघरात मी गेले. अजूनही कुणी 'कसं झालंय?' असं विचारलं की मी उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबते. ऑफिसात त्यामुळे दोघेतिघे माझ्यावर नाराज आहेत, आणि ज्यांना खरंच काही विचारायचं असतं ते माझ्याच टेबलाशी येतात.

त्या जुलैत दापोलीला गेल्यावर महिनाभर मावशींचा फोन नव्हता. मला काळजी वाटली. एवढी वर्षं नोकरी केलेली बाई, तिथे करमत नसेल, मन लागत नसेल. शेवटी मीच लावला. पलीकडे कोंबडा ओरडत होता आणि मावशी धापा टाकत होत्या, अंगणातून धावत आल्या असाव्यात.

"रागावू नकोस गं," त्या म्हणाल्या. "इथे एवढे वास आहेत, दिवस पुरत नाही."