फुकटच्या पंचांगाचा म्होरक्या

क्लेमेंट टोरोडइतका कंजूष माणूस आमच्या गर्नसी बेटावर दुसरा नव्हता, आणि बेटावर कंजुषांची वाण नाही. काचघरांत टोमॅटो पिकवण्यात त्याचा जन्म गेला, पण पिचका टोमॅटोसुद्धा त्याने कधी कुणाच्या हातावर ठेवला नाही. घ्यायचं असेल तेव्हा मात्र सगळं फुकट हवं. आमच्या शिडाच्या होड्यांच्या क्लबाचा बार मी सांभाळते. त्याने स्वतःच्या पैशाने बिअर घेतलेली मला आठवत नाही.

त्याचा जीव होता शिडाच्या होडीत, आणि त्याहून जास्त एका मानात. दर ऑगस्टमध्ये आमच्या क्लबाच्या होड्या समोरच्या फ्रेंच किनाऱ्यावर, कार्तरेला जातात. त्या दिवसाचा म्होरक्या कोण, ते अध्यक्ष ठरवतो. निघायची वेळ म्होरक्या सांगतो आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून जायचं. कार्तरेचं बंदर ओहोटीला कोरडं पडतं, त्यामुळे वेळ चुकली की कारभार आटोपला. क्लेमेंटला मरायच्या आधी एकदा तरी म्होरक्या व्हायचं होतं. हे तो लपवतही नसे. दर वर्षी दुसऱ्याचं नाव जाहीर झालं की महिनाभर तोंड पाडून बसायचा.

भरती-ओहोटीचं पंचांग हल्ली सगळे फोनवर नाहीतर टॅबलेटवर बघतात. क्लबातले बहुतेक जण वर्गणी भरून विकतचं घेतात. क्लेमेंटचं फुकटचं. त्यात दर दोन ओळींनंतर चपलांच्या आणि केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिराती.

"चंद्र फुकट, पाणी फुकट, आणि त्यांची वेळ तेवढी विकत घेता?" तो बारपाशी उभा राहून सगळ्यांना ऐकवायचा. "उद्या श्वासाची पण वर्गणी भरा."

आता त्याची चूक सांगते. जुन्या छापील पंचांगात वेळा हिवाळ्याच्या घड्याळाच्या असत. उन्हाळ्यात आमची घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून प्रत्येक वेळेत एक तास मिळवायचा, हे इथल्या माणसांच्या हाडात मुरलेलं आहे. फोनवरचं पंचांग तो तास आपणहून मिळवतं. क्लेमेंट सवयीने आणखी एक मिळवायचा. तळाला बारीक अक्षरात तसं लिहिलं होतं म्हणे, पण जाहिराती झटकण्यात त्याचा सगळा वेळ जायचा.

म्होरक्या दुसरा असला की क्लेमेंट हट्टाने आपल्याच पंचांगाच्या वेळेला निघायचा. मग इतकी वर्षं तो वाळूत कसा रुतला नाही? तर बायकोमुळे. युनिस शिवणाच्या पैशातून विकतचं पंचांग घ्यायची आणि माझ्या बारमागच्या स्टुलावर बसून बघायची. एकदा नवऱ्याला त्याची चूक सांगायला गेली, तर आठवडाभर त्याने तिला शहाणीबाई म्हणून हाक मारली. तेव्हापासून तिने डोकेदुखी काढली. "ऊन चढलं की माझं डोकं उठतं, तासभर आधीच निघू या ना." तो करवादत निघायचा, वेळेवर पोचायचा, आणि धक्क्यावर उतरल्या उतरल्या टॅबलेट थोपटायचा.

कधी चुकला नाही, या लौकिकावर शेवटी आमच्या अध्यक्षांनी, रॉलंड ब्रेहोंनी, त्याला म्होरक्या केलं. आदल्या संध्याकाळी क्लबात जेवण होतं. क्लेमेंट भाषणाला उभा राहिला.

"विकतचं पंचांग मूर्खांसाठी असतं," तो म्हणाला. "आमच्या युनिसच्या हातात पैसे दिले तर ती वारासुद्धा विकत आणेल. तिला मी होडीत नेतो ते नुसतं वजनाला. होडी डुलत नाही."

सगळे हसले. युनिसही हसली, आणि ताट उचलून माझ्याकडे आत आली.

"उद्या डोकं दुखणार का गं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "उद्या मला अगदी बरं वाटणार आहे."

सकाळी रॉलंडने वायरलेसवर त्याला गाठलं. प्रत्येक होडीत ते बोलणं ऐकू येत होतं.

"क्लेमेंट, तुझी वेळ तासभर उशिराची वाटते. तास दोनदा तर नाही मिळवलास?"

"रॉलंड, वर्गणी भरून भरून तू भित्रा झालायस. म्होरक्या मी आहे. वेळ मी स्वतः बघितलीय, माझ्या पंचांगात."

रॉलंडने पुन्हा समजावून बघितलं आणि मग नाद सोडला. "ज्यांना वेळेवर पोचायचंय त्यांनी माझ्या मागून या," तो म्हणाला. एकेक करून सगळ्या होड्या सुटल्या. म्होरक्या धक्क्याला बांधलेलाच राहिला. मी रॉलंडच्या होडीत होते. युनिस आपल्या डेकवर सँडविचला लोणी लावत बसली होती. मी हात हलवला, तिनेही हलवला.

कार्तरेच्या धक्क्यावर आमची शिंपल्यांची पातेली निम्मी संपली, तेव्हा क्लेमेंटची होडी दिसली. वारा पडला होता, पाण्याची ओढ उलटी लागली होती आणि बंदर उपसल्यासारखं रिकामं होत होतं. मागे फिरायला हवं होतं. पण सगळा क्लब बघत होता, म्हणून तो तसाच आत शिरला. बांधाजवळ होडीचं बूड वाळूत बसलं, आणि पाणी उतरलं तशी ती हळूहळू कुशीवर आडवी झाली. कुत्री फिरवायला आलेल्या फ्रेंच बायका थांबून बघायला लागल्या. वाळू उघडी पडल्यावर युनिस चपला हातात घेऊन चालत आली आणि आमच्यात जेवायला बसली. तासाभराने तोही आला, गुडघ्यापर्यंत चिखलात.

"युनिसने वेळ चुकीची वाचली," बसता बसता तो म्हणाला. "डोळे गेलेत तिचे."

सकाळचं वायरलेसवरचं बोलणं टेबलावरच्या प्रत्येकाने ऐकलं होतं. रॉलंडने मान खाली घातली.

"वेळ मीच वाचते," युनिस म्हणाली. "दर वर्षी कार्तरेला मीच आणलं याला. आज तेवढं नाही आणलं." तिने फोन काढून त्याच्या पुढ्यात सरकवला. "घे. तुझी होडी परत कधी तरंगेल ते यात आहे. वर्गणी मी भरलीय."

त्याला बघणं भागच होतं. चिखलाचा हात शर्टाला पुसून त्याने फोन घेतला, वेळ शोधली, आणि ओठ हलवत बोटावर एक तास मिळवायला लागला.

"मिळवू नकोस," युनिस म्हणाली.

सगळं टेबल हसलं. मीही हसले, आणि मला त्याची जराही दया आली नाही.