उसन्या आवाजाचा नायक

इंग्लंडमधल्या रीडिंग गावी एका नर्सिंग होमच्या लाँड्रीत चादरी धुणारा आर्सेनियो एके काळी मनिलाच्या सिनेमांचा हिरो होता, हे रेखाला सांगितलं त्याच्याच बायकोने, आणि रेखाने ते अजिबात खरं मानलं नाही.

रेखा नागपूरची. नवरा विष्णू सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या व्हिसावर ती इकडे आलेली. दिवसभर भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून होमच्या किचनमध्ये लागली. बोलल्याशिवाय तिला अन्न पचत नसे. आर्सेनियोचं नेमकं उलटं. तिथल्या फिलिपिनो नर्स त्याला ‘कुया’ म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. मग रेखानेही त्याला सरळ ‘भाऊ’ करून टाकलं. ती तासभर बडबडली की भाऊ मान हलवून हसायचा आणि ड्रायर सुरू करायचा. एवढा गोड माणूस तोंड का उघडत नाही, याचं तिला फार कुतूहल होतं.

त्याची बायको लूझ त्याच होममध्ये नर्स. तिने एकदा पर्समधून फोटो काढून दाखवला. उघडी कॉलर, मोटरसायकल, ओठांवर कोरलेली मिशी. रेखाने फोटो पाहिला, मग उशांना अभ्रे घालणारा माणूस पाहिला. नाक तेच होतं.

“भाऊ, तुम्ही? आणि मला सांगितलं नाही?”

भाऊने ड्रायर सुरू केला.

त्या दिवसापासून रेखाला धीर धरवेना. दोन हजार चारचा डिसेंबर होता. गावातल्या फिलिपिनो मंडळींची ख्रिसमस पार्टी चर्चच्या हॉलमध्ये ठरली होती. कुणालातरी भाऊच्या एका जुन्या सिनेमाची सीडी मिळाली होती. सिनेमा दाखवायचा आणि शेवटी स्वतः ‘रेक्स’ने, हे त्याचं पडद्यावरचं नाव, स्टेजवर येऊन तो गाजलेला डायलॉग म्हणायचा, असा बेत होता. त्याला विचारायला आलेली त्या मंडळींतली बाई किचनच्या काउंटरशी उभी होती. भाऊ लाँड्रीत होता.

“येतील ना! का नाही येणार?” रेखा म्हणाली. दुसऱ्याच्या वतीने होकार देऊन टाकायची तिची सवय जुनी. माहेरी तिने अशीच निम्म्या गल्लीला गणपतीच्या नाटकात उभं केलं होतं.

चार दिवसांनी ती स्टाफरूममध्ये चहा घ्यायला गेली. भाऊ एकटाच पार्टीसाठीची ती सीडी लावून टीव्हीसमोर बसला होता. पडद्यावर तोच मिशीवाला तरुण पावसात भिजत कुणाला तरी काहीतरी सांगत होता, पण आवाज नव्हता. आणि खुर्चीतला भाऊ ओठातल्या ओठात पुटपुटत होता.

“आवाज का बंद केला?”

“तो माझा नाही,” भाऊ म्हणाला. मग त्याने एवढ्या महिन्यांचं एकदम सांगून टाकलं.

मनिलापासून दूर, बेटावरच्या इलोइलोच्या एका कोळ्याचा तो मुलगा. मनिलाला आला आणि स्टुडिओत दिवे उचलू लागला. एका दिग्दर्शकाला त्याचा जबडा आवडला आणि आर्सेनियोचा रेक्स झाला. तेव्हा तिकडे शूटिंग बिनआवाजाचं व्हायचं, संवाद नंतर भरायचे. पहिल्याच डबिंगला त्याने तोंड उघडलं आणि सगळा स्टुडिओ खो खो हसला. बारीक आवाज, त्यात बेटावरचे झोके घेणारे हेल. निर्मात्याने रेडिओवरच्या एका भारदस्त गळ्याच्या नटाला बोलावलं. पुढे गल्लीतली पोरं रेक्सची नक्कल करायची, ती त्या गळ्याची. जत्रेत, उद्घाटनाला रेक्सने फक्त हात हलवायचा, तोंड उघडायचं नाही, अशी निर्मात्याची ताकीदच होती. पुढे सेटवरच आवाज घ्यायची पद्धत आली आणि त्याला बोलावणं बंद झालं. त्याने जीपनी, म्हणजे तिकडची प्रवासी जीप, चालवली, मुलं वाढवली, आणि लूझला इंग्लंडमध्ये नोकरी लागली तेव्हा तिच्याबरोबर आला. यातल्या कशाचंच त्याला वाईट वाटत नव्हतं. फक्त तो हशा काही कानातून जात नव्हता.

रेखाने चहाचा कप तसाच खाली ठेवला. “भाऊ, मी आत्ता जाऊन ‘नाही’ म्हणून सांगते. तब्येत बरी नाही म्हणते.”

“पोस्टर लागलंय,” भाऊ म्हणाला आणि हसला. “लूझने नवा ड्रेसपण घेतलाय.”

पार्टीला रेखा साबुदाणा वड्यांचा डबा घेऊन गेली आणि चक्क टीव्हीशेजारची खुर्ची धरून बसली. काही झालंच तर आपण जवळ असावं, एवढंच तिच्या मनात होतं. सिनेमा शेवटाकडे आला. मेला म्हणून ज्याच्यासाठी आई रडलेली असते तो नायक पावसात घराच्या दाराशी येतो, तिथे कुणीतरी सीडी थांबवली आणि टाळ्यांच्या गजरात भाऊ स्टेजवर आला. इस्त्रीचा शर्ट, केस पांढरे. त्याने माइक घेतला आणि सगळ्यांना नमस्कारादाखल दोन शब्द बोलला.

टाळ्या थांबल्या. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. “हा नाही तो! रेक्सचा आवाज कसा होता!” आणखी दोघं हसले. रेखाशेजारी बसलेल्या लूझने मान खाली घातली नाही, पण तिचे हात पर्सवर घट्ट झाले. रेखाला वाटलं, आपली जीभ कुणी छाटून टाकली तर बरं.

भाऊने माइक दुसऱ्या हातात घेतला. मग त्याने रेखाकडे पाहिलं. “रेखा, आवाज बंद कर. आणि लाव.”

तिने रिमोट उचलला. पडद्यावर पाऊस सुरू झाला, तरुण रेक्सने दारावर हात ठेवला, ओठ उघडले, आणि भाऊ बोलू लागला. त्याच बारीक आवाजात, त्याच हेलांत. शब्दाला ओठ आणि ओठाला शब्द. रेक्स थांबला तिथे भाऊ थांबला, रेक्सने श्वास घेतला तिथे भाऊनेही घेतला. रेखाला भाषा कळत नव्हती. लूझ तिच्या कानाशी वाकली. “म्हणतोय, आई, दार उघड. मी जिवंत आहे.” लूझचे डोळे भरून आले होते. “मी याच आवाजाशी लग्न केलं,” ती म्हणाली.

आता कुणी हसत नव्हतं. रेखा तर सरळ रडत होती, आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

दिवे लागल्यावर पहिल्या रांगेतल्या एका आजीबाई काठी टेकत भाऊजवळ आल्या. त्यांनी हा सिनेमा तरुणपणी मनिलाला थिएटरमध्ये कितीदा तरी पाहिला होता.

“तो दुसरा आवाज चांगला होता,” त्या म्हणाल्या. “पण नेहमी ओठांच्या जरा मागे राहायचा. मला तेव्हाही खटकायचं. आज बरोबर बसला.”

भाऊने तिकडच्या रीतीप्रमाणे त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला. मग रेखाच्या डब्यातला एक वडा उचलून तो बोलायला लागला, आणि पार्टी संपेपर्यंत थांबला नाही.