आर्लिस हॉगेनची हरकत

आर्लिस हॉगेनचा मला अधूनमधून मनापासून राग येतो. सोळा वर्षं शेजारी राहिल्यावर तेवढा हक्क असतोच. बाई कामाला वाघ. साखरेच्या बीटाच्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर बारा-बारा तास उभी राहते, ट्रकवाल्यांची कटकट हसत ऐकते. पण 'नाही' म्हणायची वेळ आली की तिची दातखीळ बसते. आमच्या मिनेसोटात हा आजार घरोघरी आहे. आर्लिसचा जरा जुनाट.

तिची मुलगी मारेन नऊ वर्षांची. शब्द आत असतात, बाहेर यायला अडतात. शाळेतल्या बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून चार तास तिला एकटीला घेऊन बसायच्या. गेल्या वसंतात मारेन पहिलं पूर्ण वाक्य बोलली, "आई, मला अजून दे." आर्लिस माझ्या स्वयंपाकघरात येऊन ढसाढसा रडली होती.

ऑक्टोबरात, बीटाची काढणी ऐन भरात असताना, शाळेने बैठक बोलावली. विशेष शिक्षण विभागाच्या नव्या प्रमुख मिसेस पेलेग्रिनो, नुकत्याच न्यू जर्सीहून आलेल्या. त्यांनी सुचवलं, चारऐवजी एकच तास, तोही सहा मुलांच्या गटात. आर्लिस म्हणाली, "अच्छा. हे वेगळंच आहे हं."

आमच्या गावात कुणालाही विचारा. सासूचा केक घशाखाली उतरेना, की आम्ही म्हणतो, वेगळाच झालाय. शेजाऱ्याने घर जांभळं रंगवलं, तरी वेगळंच आहे. याच्या पुढची पायरी म्हणजे मारामारी. पेलेग्रिनोबाईंनी मात्र टिपणात लिहिलं, आईला कल्पना नवी वाटली, आवडली.

बदलाचा कागद घरी आला आणि फ्रिजवर चिकटला. कॉफीला दूध काढताना मला दिसला, तेव्हा तेरावा दिवस होता. माझा मुलगा याच वाटेने गेलाय, त्यामुळे हे कागद मला पाठ आहेत. चौदा दिवसांत लेखी हरकत पोचली नाही, तर शाळा बदल लागू करायला मोकळी.

"आर्लिस, उद्या शेवटचा दिवस!"

"अगं, पण मी सांगितलंय की त्यांना."

"काय सांगितलंस?"

"की वेगळंच आहे."

मी कपाळावर हात मारला. तिला खुर्चीत बसवलं, कागद दिला. तिने सुरुवात केली, 'आपल्याला तसदी होणार नसेल तर...'

"हरकत घेतेयस की लग्नाला बोलावतेयस?"

दुसरा कागद. 'माझं चुकत असेल कदाचित...' तोही मी फाडला. ती उठली, खिडकीशी गेली, परत बसली, पुन्हा उठली. मग एकदम म्हणाली, "त्या बाई चिडल्या तर? मारेन दिवसभर त्यांच्याच हातात असते ना."

हीच भीती मीही दहा वर्षं बाळगली होती.

पाचव्या कागदावर एवढंच उरलं. 'मला हे मान्य नाही. मारेनचे चार तास एकटीचेच राहावेत.' खाली सही, तारीख.

दुसऱ्या दिवशी ती काट्यावरची पाळी बदलून निघाली. सोबत मी. पेलेग्रिनोबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"पण तुम्हीच म्हणालात ना, वेगळं आहे! मला किती बरं वाटलं होतं!"

वेगळं म्हणजे काय, ते मी सांगितलं.

"अहो, मग स्पष्ट बोलत का नाही तुम्ही लोक?"

"बोलले की," आर्लिस म्हणाली.

बाईंनी कागदावर पोचेचा शिक्का मारला. पुन्हा बसून ठरेपर्यंत चारही तास तसेच राहतील म्हणाल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बाई मात्र मारेनची फाईल काढून मागची पानं चाळू लागल्या. "मग आधीच्या प्रमुखांनी तुमच्या नावावर काय काय लिहिलंय, तेही बघा."

दुसरीच्या वर्षाचं पान. वर्गात मारेनजवळ बसणारी मदतनीस त्या वर्षी काढून टाकली होती. पुढे लिहिलेलं, 'आईची हरकत नाही.'

"हे मी म्हटलं नव्हतं," आर्लिस म्हणाली.

"मग काय म्हटलं होतंत?"

"म्हटलं, बघू या कसं जमतं ते." आमच्याकडे हाही नकारच.

त्या वर्षी मारेन रोज ओल्या कपड्यांत घरी यायची. शू लागली हे तिला सांगता येत नसे, आणि तिच्याकडे बघून ओळखणारी मदतनीस गेलेली. आर्लिस ते पान पुन्हा पुन्हा वाचत होती.

"वर्षभर," ती म्हणाली, "वर्षभर मी नुसते कपडे धूत बसले."

मला तिच्याकडे बघवेना.

"ती मदतनीस मला परत हवी," आर्लिस म्हणाली. शब्द स्वच्छ होते.

"ते लेखी द्यावं लागेल," बाई म्हणाल्या.

आर्लिसने त्यांच्याच टेबलावरचं पेन आधीच उचललं होतं.